आमच्या घराला अर्थ नव्हता

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माले गावात आणि पौडच्या शाळेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि त्या तीस वर्षांत माझ्या तासाला कुणी बाक वाजवला नाही. लग्न झालं नाही, कारण बघायला आलेल्या तिघांशीही मी चहा यायच्या आत वाद घातला. आईवडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले. पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागचं सगळं थोरल्या भावाचं. मीटर मात्र एकच राहिलं आणि वायरिंगही वडिलांच्या वेळचं, एकच. दादाने मागे आणखी तीन खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या, तेव्हा त्यांचीही वायर त्याच बोर्डातून ओढली.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःसाठी एकच गोष्ट घेतली, गाणं ऐकायची नीट व्यवस्था. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर, आणि गाणी साठवून ठेवणारा एक प्लेअर. वहिनीची अपेक्षा होती की मी बांगड्या करीन. दुपारी तीनला दार लोटायचं, पंखा बंद करायचा आणि पाचपर्यंत ऐकायचं, हा माझा नेम. माझ्याकडे एका जुन्या गायिकेचं घरगुती बैठकीतलं ध्वनिमुद्रण आहे. त्यात तानपुरे जुळल्यावर ती क्षणभर थांबते, श्वास घेते आणि मग षड्ज लावते. तो श्वास ऐकू येणं म्हणजे माझ्या लेखी सगळी व्यवस्था वसूल. दोन वर्षं तो श्वास मला रोज ऐकू आला.

गेल्या जानेवारीत तो गेला. श्वासाच्या जागी स्पीकरमधून खाली एक जाड ‘घूं’ आणि वर बारीक किरकिर येऊ लागली, कुणीतरी कोपऱ्यात बसून पत्रावळीची पानं चुरगळावीत तशी. मी वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. स्पीकर हलवले. काही उपयोग नाही. जिच्या वर्गात बाक वाजला नाही तिच्या बैठकीत हा आवाज, याचाच मला अर्धा संताप होता.

त्याच महिन्यात मागच्या खोलीत नवीन जोडपं राहायला आलं होतं. लातूरकडचे दोघं. तो संगणकावर काम करणारा, आठवड्यातले दोन-तीन दिवस हिंजवडीला जाणारा, बाकीचे दिवस घरूनच. ती घरी असायची. पुण्याजवळ भूगावात भाडं परवडेना म्हणून इतक्या लांब आलेले. त्यांच्याकडे दोन लॅपटॉप, संगणकाचा एक मोठा पडदा, राउटर, चार्जर, कपडे धुवायचं यंत्र आणि प्रत्येक कोपऱ्यात एलईडी बल्ब. मी एक दिवस बोर्डापाशी उभी राहून त्यांच्या खोलीची वीज बंद केली आणि धावत येऊन स्पीकरला कान लावला. किरकिर निम्मी झाली होती. चोर सापडला, असं मला वाटलं.

पुण्यातल्या ज्या दुकानातून मी सगळं घेतलं होतं तिथे फोन केला. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि लगेच निदान केलं. बाई, हे हल्लीचे चार्जर. तो म्हणाला ते मला पटलं, कारण ते विज्ञान होतं. पूर्वीचे अ‍ॅडॅप्टर आठवा. विटेसारखे जड, आत लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. ते गरम व्हायचे, पण गप्प बसायचे. हल्लीचे काड्यापेटीएवढे असतात, कारण ते वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि मग हवी तेवढी देतात. याला म्हणतात स्विचिंग सप्लाय. आता करवत चालली की भुसा उडणारच. तो भुसा वायरीतून मागे येतो आणि घरातल्या बाकीच्या वस्तूंत शिरतो. अ‍ॅम्प्लिफायरचं काम बारीक गोष्ट मोठी करण्याचं, तो भुसाही इमानाने मोठा करून ऐकवतो.

त्यावर उपाय म्हणून त्याने मला पॉवर कंडिशनर विकला. हा एक जड काळा डबा, वीज त्यातून गाळून पुढे पाठवायची. दुकानदार फोनवर त्याच्याबद्दल असा बोलत होता की जणू गंगाजलच. होळीच्या आठवड्यात डबा आला, मी लावला, तीन वाजता दार लोटलं.

आवाज वाढला. किरकिर जरा बारीक झाली, पण खालचा घूं दुप्पट झाला, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला मनगट टेकलं तर मुंग्या आल्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानदाराला फोन लावून मी त्याची अशी हजेरी घेतली की तशी आयुष्यात कुणी घेतली नसेल. तो बिचारा मध्ये मध्ये एकच वाक्य म्हणत राहिला, बाई, एकदा अर्थिंग बघून घ्या. मी त्याला विचारलं की मी तीस वर्षं अर्थिंग शिकवलं आहे, तू मला शिकवतोस का. आणि फोन ठेवला. तीन पिनांच्या प्लगची आकृती काढून भागांना नावे द्या, तिसरी पिन लांब आणि जाड का असते ते लिहा, हा प्रश्न मी दर वर्षी सहामाहीला घालत असे. उत्तरही सांगते. ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी शिरते आणि सगळ्यात शेवटी बाहेर येते, म्हणजे वस्तूत वीज खेळत असेपर्यंत ती वस्तू जमिनीशी जोडलेली राहते. हे मला झोपेतही पाठ होतं. आपल्या घरातली तिसरी पिन पुढे कुठे जाते हे बघायला मात्र मी कधी वाकले नव्हते.

तेव्हा मी काय केलं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. वहीचा कागद घेतला, रेघा मारल्या आणि शाळेत लावायचे तसं वेळापत्रक तयार केलं. दुपारी तीन ते पाच: लॅपटॉप बंद, पडदा बंद, राउटर बंद, चार्जर सॉकेटमधून काढणे, दिवे बंद. माझ्या वळणदार अक्षरात. मागच्या खोलीच्या दारावर स्वतः चिकटवलं. ती दार उघडून उभी होती. मी तिला सांगितलं की तुमच्या या कचऱ्यामुळे माझ्या घरातली वीज नासली आहे. ती म्हणाली, हो बाई. मी म्हटलं, नुसतं हो नको, पाळायचं. दादाने मागून माझीच री ओढली. बाईंचं ऐकायचं न्हाईतर दुसरी खोली बगा, असं तो तिला तोंडावर म्हणाला. एरवी माझा एक शब्द न ऐकणारा माझा भाऊ, तेवढ्यापुरता माझा झाला.

मग तीन वाजले की तिचा नवरा लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकलवर पौडला जायचा आणि तिथल्या चहाच्या दुकानात सॉकेट शोधून काम करायचा. ती त्या दोन तासांत उन्हाळ्याची, पंख्याशिवाय बसायची. पंखा बंद करा असं मी लिहिलं नव्हतं, पण तिने तोही बंद केला. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं लिहायचं तर बरं वाटलं. आवाज मात्र पुरता गेला नाही, आणि तो का जात नाही या रागात मी आणखी कडक झाले. पावणेतीनला मी खिडकीतून त्यांच्या दाराकडे बघत उभी राहायची.

माझ्याच प्लेअरला एक तसला चार्जर होता, माझ्या राउटरला दुसरा, माझ्या खोलीत चार एलईडी. ते मी वेळापत्रकात घातले नव्हते.

मे महिन्यात मी पौडहून वायरमनला बोलावलं. विचार असा की मीटरपासून माझी लाइन स्वतंत्र काढून घ्यायची आणि मागच्यांचा संबंधच तोडायचा. आला तो चाळिशीतला माणूस, कानापाशी पांढरे केस. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी निघाला. दोनदा नापास केला होता मी त्याला.

त्याने माझं सगळं म्हणणं ऐकलं आणि कंडिशनरकडे, स्पीकरकडे, काहीच बघितलं नाही. पिशवीतून होल्डरला लावलेला एक साधा बल्ब काढला, त्याला दोन मोकळ्या वायरी. त्या त्याने सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, बल्ब भक्कन पेटला. मग एक वायर तिथेच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब विझला. काढून पुन्हा घातली, तरी पेटला नाही. मग त्याने खिशातला टेस्टर त्याच वरच्या भोकात लावला, जिथे काहीच असायला नको, आणि टेस्टरचा दिवा मिणमिणला.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या घराला अर्थच न्हाई.”

मी त्याच्यावर ओरडले. जरा शुद्ध बोल, म्हणाले. तो हसला नाही. बोर्डातून निघणारी हिरवी वायर तो बोटाने धरत धरत भिंतीवरून घेऊन गेला, गोठ्याच्या मागे, पार कुंपणापर्यंत. मी त्याच्यामागे. तिथे वायरीचं टोक हवेत लोंबकळत होतं आणि खाली भुसभुशीत मातीत एक खड्डा होता. तो खड्डा मला आठवत होता. लहानपणी वडील उन्हाळ्यात माती ओली राहावी म्हणून रोज तिथे बादलीभर पाणी ओतायचे आणि आम्हाला त्याच्या जवळ खेळू द्यायचे नाहीत. तिथे लोखंडी पाइप असायचा, वीतभर जमिनीच्या वर, त्याला बोल्टने ही वायर आवळलेली.

“पाइप कुटं गेला?” वायरमनने विचारलं.

दादा मागे येऊन उभा होता. त्याने घसा खाकरला. जानेवारीत शेजारचा तुकडा आमच्या चुलत्यांनी बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकला, तेव्हा मोजणीवाले येऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी दादा कुंपणाने फिरताना त्याला हा पाइप दिसला. पासष्ट वर्षांचा माणूस, याच घरात जन्मलेला, रोज त्या पाइपावरून गेलेला. पण मोजणी झाली म्हटल्यावर आमच्या गावात माणसाला जमिनीतून वर आलेली प्रत्येक गोष्ट खुंटी दिसायला लागते.

“ती मोजणीवाल्यांची खुंटी हुती,” तो म्हणाला. “आपल्या हद्दीत फूटभर आत ठोकल्याली. मी काय बगत बसू व्हय?”

शेजारच्या प्लॉटवर जेसीबी चालू होता. त्याच्या ड्रायव्हरला चहा पाजून दादाने पाइप मुळासकट उपटून घेतला होता. वायर तुटली, ती त्याला जुन्या केबलवाल्याची वाटली. पाइप चांगला लांब आणि मजबूत निघाला म्हणून वहिनीच्या दोडक्याच्या मांडवाला लावला. त्याने बोट दाखवलं. होता तिथे, वर दोडके लोंबत होते.

“दादा,” मी म्हटलं, “ती खुंटी आपल्या बापानं ठोकली होती.”

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. शाळेतली शुद्ध भाषा मी गोठ्यामागे टाकून दिली. बिल्डरपासून वीतभर जमीन वाचवायला निघाला आणि घराखालची सगळी जमीन घालवून बसला, हा त्याचा सारांश. दादा मान खाली घालून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, मला काय ठावं, तू मास्तरीण हायेस, तुला तरी कुटं कळलं. मला त्याचाही राग आला.

वायरमनने मला मग सगळं समजावलं, आणि मी ते विद्यार्थ्यासारखं ऐकलं. लॅपटॉपचा चार्जर काय, यंत्र काय, प्रत्येक जण आपला थोडा भुसा हिरव्या वायरीत सोडतो, कारण ती जमिनीत जाते असं त्याला सांगितलेलं असतं. तुमचा काळा डबा तर मोठा झाडूच, त्याचं कामच झाडून सगळं त्या वायरीत लोटायचं. वायर जमिनीत पोचत असेल तर उत्तम. “पन उकिरडाच न्हाई म्हनल्यावर झाडल्याला कचरा जातोय कुटं?” त्याने विचारलं. “शेजारच्याच्या दारात.” हिरवी वायर घरभर एकच. त्यामुळे माझा डबा जे झाडत होता ते त्याच वायरीतून मागच्या खोल्यांतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगात जाऊन बसत होतं. त्यांचं माझ्याकडे येत होतं आणि माझं त्यांच्याकडे जात होतं, आणि दोन्हीत माझं जास्त होतं. शिवाय एखाद्या यंत्रात आतली वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर तिला पळायला वाट नव्हती. पहिला जो हात लावील तो माणूस तिची वाट झाला असता.

मागच्या खोल्या बघायला हव्यात, तो म्हणाला.

तिने दार उघडलं. तीन वाजून गेले होते, आत सगळं बंद होतं, अंधार आणि उकाडा. दारावर माझं वेळापत्रक होतं. तिला सातवा महिना होता हे मला माहीत होतं, गावातल्या बायका बोलायच्या, पण मी कधी तिच्याकडे धड बघितलं नव्हतं. कपडे धुवायचं यंत्र मागच्या न्हाणीत होतं, ओल्या फरशीवर. वायरमनने त्याची पिन लावून त्याच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला, माझ्या खोलीतल्यापेक्षा ठळक. यंत्राच्या पुढ्यात एक लाकडी पाट होता, जेवायला बसायचा, लग्नात देतात तसा, कडेला पितळी फुलं ठोकलेला. पाण्याने त्याचा रंग गेला होता.

“यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात,” ती म्हणाली, जणू आम्हीच सावध व्हावं म्हणून. “पाटावर उभं राहिलं की येत नाहीत. मी त्याच्यावर उभी राहूनच यंत्रातले कपडे काढते.”

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, आलो तेव्हापासून थोडं थोडं, होळीनंतर फार. होळीच्या आठवड्यात माझा डबा आला होता.

मी चिडले. मला चिडण्याशिवाय दुसरं काही येत नाही. अगं, मग सांगितलं का नाहीस, असं मी तिच्यावर ओरडले, सात महिन्यांच्या गरोदर पोरीवर, तिच्याच दारात. ती घाबरली नाही. तिने दारावरच्या कागदाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“कुणाला सांगायचं, बाई? तुमच्याच वस्तूंमुळे होतंय, असं तुम्ही म्हणाला असतात. खोली सोडा म्हणाला असतात. असलं पोट घेऊन आम्हाला कोण खोली देणार होतं?”

दादा तिथून निघून गेला. वायरमन टेस्टर खिशात ठेवत होता, बराच वेळ ठेवत होता. मी जे म्हणाले असते ते तिने शब्दाला शब्द बरोबर सांगितलं होतं. आमच्या घरात वीज उघडी पडली आहे हे चार महिने एका माणसाला कळलेलं होतं, आणि ते माणूस माझ्या भीतीने पाटावर उभं राहून गप्प होतं. माझा आवाज त्या विजेपेक्षा तिला जास्त धोक्याचा वाटला. मी दादाला काय सांगत होते? त्याने एक पाइप उपटला. बाकीचं मी केलं.

दुसऱ्या दिवशी दादाने स्वतः कुदळ घेतली. खड्ड्यात पाइपाभोवती भरायला वहिनीने कोळसा आणि मीठ आणून दिलं. वायरमनने नवा पाइप खाली घातला, वायर बोल्टने आवळली, बोर्डात आणखी एक स्विच बसवला, कुठे वीज गळाली तर सगळ्या घराची वीज तोडणारा. तो स्विच बसवायच्या आधी बल्ब पुन्हा वरच्या भोकात लावून बघितला तेव्हा तो लख्ख पेटला. मी माझ्या खोलीत जाऊन अ‍ॅम्प्लिफायर लावला. मागे लॅपटॉप, पडदा, राउटर, सगळं चालू होतं, मी मुद्दाम चालू करायला लावलं होतं. तरी घूं नव्हता. किरकिर होती, कान लावला तर, माझ्याच प्लेअरच्या चार्जरची. तानपुरे झाले आणि त्या गायिकेने श्वास घेतला. मला तो ऐकवेना. मी बंद केलं आणि मागे गेले.

दारावरचा कागद मी नखाने खरवडून काढला. डिंक चांगला लावला होता मी, तुकडे तुकडे निघाले. ती न्हाणीत होती, यंत्रातले कपडे काढायच्या बेतात. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. पाट उचलून भिंतीला लावला, चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि चालू यंत्राच्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवले. काही नव्हतं. गार पत्रा नुसता. मी तिला तिसऱ्या पिनेचं सगळं सांगितलं, ती आधी का शिरते, शेवटी का निघते, आता ती कुठे जाते. वर्गात सांगायचे तसंच, पण हळू आवाजात. आता तू हात लाव, म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

“बरोबर असेल, बाई,” ती म्हणाली. “पण तो पाट राहू द्या तिथंच.”

मी पाट परत जागेवर ठेवला. ती त्याच्यावर चढली, एक हात भिंतीला धरून, आणि यंत्रातले कपडे काढायला लागली.